चार लाख ओळींतला तिसरा मजला

मशीनरूममध्ये शिरलं की मिस्त्री आधी हातातली पिशवी खाली ठेवायचे, भिंतीला पाठ टेकायचे आणि डोळे मिटायचे. लिफ्टच्या दोन खेपा वरखाली होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. मग डोळे उघडून ते शांतपणे सांगायचे, "ब्रेकची डावी पट्टी झिजलीय," नाहीतर, "पाचव्या मजल्याचा रिले चिकटतोय." उघडून बघावं तर तंतोतंत तसंच. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत सात मिस्त्री होते. सहांना लोक नावानं ओळखत; नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की मात्र हेच. तीस वर्षं त्यांनी कानाच्या जोरावर काढली होती, आणि खरं सांगायचं तर त्या कानाचा त्यांना थोडा तोराही होता.

म्हणूनच छप्पन्नाव्या वर्षी उजवा कान हळूहळू बंद पडायला लागला तेव्हा त्यांनी कोणालाच पत्ता लागू दिला नाही. डावाही त्याच वाटेवर होता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे कबूल करायचं, म्हणून तेही टाळलं. मशीनरूममध्ये डोळे मिटून उभं राहणं चालू ठेवलं, फक्त आता मोटरच्या अंगावर तळहात ठेवून हादरे जोखायचे. जुन्या लिफ्टना तेवढं पुरत होतं. घरी बायको कुरकुरायची, "अहो, तो टीव्ही हळू करा जरा. समोरच्या इमारतीतले लोक आपल्याच टीव्हीवर बातम्या ऐकतात."

"टीव्हीच बिघडलाय," मिस्त्री म्हणायचे. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर ती तरी काय बोलणार?

मुलगा जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने बाहेर. घरात हे दोघं, सून आणि पाच महिन्यांची नात. सून आधी एका मोठ्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायची. अखंड चालणारे ते कॉम्प्युटर कुठं कुरकुरले की कारण शोधून काढायचं, हे तिचं काम. बाळंतपणात तिनं नोकरी सोडली होती. ती या घरात येऊन दोन वर्षं झाली, पण सासरा-सुनेचं बोलणं "बाबा, चहा ठेवू?" आणि "ठेव," याच्यापुढे सरकलं नव्हतं. भांडण नव्हतं. गोडीही नव्हती.

एका रविवारी दुपारी बायको बहिणीकडे गेलेली. सून आंघोळीला गेली, आणि जाताना "बाबा, हिच्याकडे बघाल ना?" म्हणून विचारून गेली. मिस्त्रींनी मान डोलावली आणि पाळण्याशेजारी खुर्ची ओढून पेपर उघडला. पाळणा त्यांच्या उजव्या हाताला होता. थोड्या वेळानं पानावर सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर ओल्या केसांनी, अंगावर कसाबसा गाऊन ओढून सून धावत आली होती. तिनं पाळण्यातून पोरीला उचललं. पोर रडून रडून लालभडक झाली होती, तोंड वासलेलं, हुंदक्यांनी सगळं अंग हलत होतं. मिस्त्रींपर्यंत त्यातलं काही म्हणजे काही पोचलं नव्हतं.

"मला... मला जरा डुलकी लागली," ते म्हणाले.

नाकावर चष्मा, हातात अर्धवट उलटलेलं पान. सुनेनं ते पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "लागते दुपारची," एवढंच ती म्हणाली आणि पोरीला खांद्यावर घेऊन आत गेली.

पुढचे चार दिवस मिस्त्रींनी जीव मुठीत धरून काढले. आज बायको विषय काढेल, उद्या जहाजावरून मुलाचा फोन येईल. कोणी काही बोललं नाही. एवढंच झालं, की सून आता स्वयंपाकघरातून हाक मारायची बंद झाली. काही सांगायचं असलं की समोर यायची, त्यांची नजर वर झाली की मगच बोलायची. हे मिस्त्रींच्या लक्षात आलं. जपून ठेवावं असं गुपित आपल्याजवळ आहे आणि ते आपल्याइतकंच दुसरं कोणीतरी जपतंय, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

त्याच महिन्यात हॉस्पिटलची दोन नंबरची लिफ्ट अडकायला लागली.

नऊ मजल्यांची लिफ्ट, दीड वर्षापूर्वी मिस्त्रींनीच बसवलेली. नव्या धाटणीची. लिफ्ट चालवणाऱ्या पॅनलमध्ये टकटक करणारे रिलेचे स्विच नाहीत, नुसत्या हिरव्या पट्ट्या आणि मुंगीएवढे दिवे. चालता चालता ती मधेच थांबायची, मिनिटभरानं आपण होऊन सावकाश जवळच्या मजल्यावर जायची आणि दार उघडायची. मिस्त्री दोनदा जाऊन आले. नऊच्या नऊ दारं मीटर लावून तपासली. सगळं चोख. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा आत ऑपरेशनला निघालेली एक पेशंट स्ट्रेचरवर होती. तिला काही झालं नाही, पण सोबतच्या नर्सनं खाली येऊन जो आवाज चढवला तो म्हणे गेटपर्यंत ऐकू आला.

कंपनीतले साहेब मिस्त्रींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांनी बुधवारी मिस्त्रींना समोर बसवलं. "मिस्त्री, पुढच्या बुधवारपर्यंत बघा. नाही जमलं तर पॅनल बनवणाऱ्यांचा माणूस बोलवावा लागेल." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "आणि दमला असाल तर तसं सांगा. स्टोअरमध्येही अनुभवी माणूस हवाच आहे."

स्टोअर म्हणजे नटबोल्टच्या पेट्या आणि एक खुर्ची. मिस्त्री उठले.

नव्या पॅनलची एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. लिफ्ट जे जे करते ते ते आपल्या पोटातल्या एका फाईलमध्ये लिहून ठेवते. दार उघडलं, दार मिटलं, निघाली, थांबली; प्रत्येकाची एक ओळ. लॉग म्हणतात त्याला. दीड वर्षात तो कोणी उघडून पाहिलेला नव्हता. मिस्त्रींनी पेनड्राइव्हवर तो उतरवून घेतला, घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर कंपनीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये उघडायला गेले. पांढरी खिडकी आली, तिच्यात गोल गोल फिरणारं चक्र आलं, आणि सगळं जागच्या जागी थिजलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी लॅपटॉपला चापट मारली.

सून टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. त्यांनी वर पाहिल्यावर म्हणाली, "बाबा, काय आहे त्यात?"

त्यांनी सांगितलं. आधी लिफ्टचं, मग साहेबांचं, मग स्टोअरचं. एवढं सलग ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. शेवटी तिच्याकडे न बघता म्हणाले, "पूर्वी नुसत्या आवाजावरून दार सांगितलं असतं मी. आता... तुला माहीतच आहे."

"हो," ती म्हणाली. सांत्वन वगैरे काही नाही. खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली. "किती ओळी असतील?"

"चार लाखांवर."

"मग चार लाख ओळी एकदम तोंडात कोंबल्यावर ठसका लागणारच त्याला. फाईल अशी उघडायचीच नाही, बाबा. छोटा प्रोग्रॅम लिहायचा. तो फाईल उघडेल, एक ओळ वाचेल, आपल्याला हवी असेल तर बाजूला काढेल, नको असेल तर सोडून देईल. मग पुढची. संपल्या की फाईल बंद. आठ-दहा ओळींचं काम आहे."

"तू करून दे."

"मी सांगते, तुम्ही करा," सून म्हणाली. "उद्या दुसरी लिफ्ट अडकली तर?"

मिस्त्रींनी एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. चावीवर चावी शोधत आठ ओळी लिहायला पाऊण तास लागला. सून मधे एकदा पोरीला पाजून आली तरी ते तिसऱ्याच ओळीवर होते. प्रोग्रॅम चालवला तर लाल अक्षरात उत्तर आलं, फाईल सापडत नाही.

"समोर तर आहे!" मिस्त्री चिडले.

"आपल्याला दिसतेय, त्याला नाही. नावात एक टिंब राहिलंय तुमचं."

टिंब दिलं. फाईल उघडली. दोष घडला की पॅनल त्याचा क्रमांक लिहितं, आणि सगळ्या दारांच्या कुलपांतून फिरणारी विजेची साखळी तुटली तर तो क्रमांक एकतीस, हे मिस्त्रींनी माहितीपुस्तकात पाहून ठेवलं होतं. तेव्हा त्यांनी 'एकतीस' असलेल्या ओळी मागितल्या. पडद्यावर धबधबा कोसळावा तशा ओळी धावायला लागल्या. अकरा हजार! मिस्त्रींचा चेहरा पडला. सून मात्र खुदकन हसली. "बाबा, एकतीस तारीखही आली त्यात, एकतिसावं मिनिट आलं, एकतिसावा सेकंद आला. त्याला काय कळतंय? आपण मागू तेच तो देणार. कुठला एकतीस हवा ते नीट सांगा."

प्रत्येक ओळ स्वल्पविरामांनी रकान्यांत तोडलेली होती. तिसऱ्या रकान्यातला एकतीस तेवढा घे, असं त्यांनी लिहिलं. उरल्या चौऱ्याण्णव ओळी. तीन वेळा लिफ्ट खरोखर थांबली होती. बाकी एक्क्याण्णव वेळा साखळी पापणी लवेपर्यंत तुटून पुन्हा जुळली होती, कोणाच्या लक्षातही न येता. आणि शेवटच्या रकान्यात, त्या क्षणी लिफ्ट जमिनीपासून किती उंचीवर होती ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं. दहा हजार चारशे ऐंशी. दहा हजार पाचशे दहा. दहा हजार पाचशे.

मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. "साडेदहा मीटर! तिसरा मजला! सगळे तिसऱ्याच मजल्यावर!"

आतून बायको ओरडली, "अहो, पोर आताच झोपलीय!" मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं तेव्हा ते खाली बसले, आणि दोघंही तोंड दाबून हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुनेनं वारांप्रमाणे ओळी वेगळ्या कशा करायच्या ते दाखवलं. सगळ्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या निघाल्या, सकाळी सात ते आठच्या मधल्या. शुक्रवारी पहाटेच डबा घेऊन मिस्त्री हॉस्पिटलात गेले आणि सात ते नऊ तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभे राहिले. दार गप्प. कंदील लावून शोधलं तरी काही सापडेना. घरी आले ते वैतागूनच. "खोटं लिहितंय ते यंत्र. यापेक्षा माझे कान बरे होते."

सुनेनं बराच वेळ ओळी पाहिल्या. मग विचारलं, "बाबा, त्या पॅनलचं घड्याळ कोणी लावलं होतं?"

मिस्त्रींना आठवलं. पॅनल बसवलं त्या दिवशी घाई होती. घड्याळ नंतर लावू म्हणून त्यांनीच सोडून दिलं होतं. ते 'नंतर' दीड वर्ष आलंच नव्हतं.

"मीच," ते म्हणाले. "म्हणजे, लावलंच नाही."

मग त्यांनी हॉस्पिटलच्या वॉचमनला फोन लावला. बोलली सून, ऐकलंही तिनंच. वॉचमनच्या वहीत लिफ्ट अडकल्याच्या तिन्ही वेळा टिपलेल्या होत्या. एक होती दुपारी दोन चाळीसची. लॉगमध्ये तीच सकाळी सात वीसला. बाकीच्या दोन्हींतही तेवढाच फरक, सात तास वीस मिनिटं. घड्याळ खोटं नव्हतं, मागे होतं. दोष दुपारचा होता.

मंगळवारी दुपारी अडीचला मिस्त्री पुन्हा तिसऱ्या मजल्यावर होते. साफसफाईच्या मावशी बादली आणि फडकं घेऊन पॅसेज पुसत होत्या. मंगळवार-शुक्रवार त्या फिनेलनं सगळी फरशी धुऊन काढायच्या, आणि ती लवकर वाळावी म्हणून लिफ्टसमोरची मोठी खिडकी सताड उघडायच्या. आत्ताही त्यांनी ती उघडली. वारा आत आला. मिस्त्रींनी लिफ्टच्या बंद दारावर तळहात ठेवला. लिफ्ट मागच्या बाजूनं खालून वर गेली आणि दाराचा पत्रा त्यांच्या हाताखाली थरथरून किंचित आत गेला, पुन्हा बाहेर आला. बस, एवढंच होतं ते. दाराच्या तळाचा जोड झिजला होता, लिफ्ट मागून जाताना वाऱ्यानं दार हलायचं, वरच्या कुलपाचा संपर्क तुटायचा. खिडकी बंद असताना मीटर लावून बघणाऱ्याला ते जन्मात सापडलं नसतं.

पाऊण तासात नवा जोड बसला, कुलपाचे स्क्रू आवळले गेले. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. घाबरतच त्यांनी विचारलं, "माझ्या खिडकीमुळं झालं का हो हे?"

"छे, छे. खिडकी खुशाल उघडा, मावशी. दार पक्कं ठेवणं माझं काम होतं."

"ते दार तर कधीचं फडफडतंय," मावशी म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की. कोणी विचारलंच नाही!"

मिस्त्री तिथंच फरशीवर बसून पोट धरून हसले. मावशींना काही कळेना, पण त्याही हसल्या. त्या दिवसापासून कुठल्याही इमारतीत गेले तरी मिस्त्री आधी झाडणाऱ्या-पुसणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ताच झाला.

बुधवारी त्यांनी साहेबांना चौऱ्याण्णव ओळींचा कागद दाखवला, नव्या जोडाचं सांगितलं, घड्याळाचंही सांगितलं. साहेब खूश झाले. मिस्त्रींनी उठायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. "साहेब, आणखी एक आहे. मला ऐकू येत नाही. उजव्या कानानं अजिबात नाही. वर्ष होऊन गेलं."

 साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं ना! वर्षभर मी मागून हाका मारतोय आणि तुम्ही वळून बघत नाही. मला वाटायचं, वयानं लहान म्हणून हा माणूस मला हिंग लावूनही विचारत नाही."

"नाही हो!"

"घरी बायकोला सांगितलंय मी, आमचे मिस्त्री फार मानी आहेत म्हणून." साहेब हसले, मग गंभीर झाले. "उद्याच्या उद्या कान दाखवून घ्या. हे माझं सांगणं नाही, हुकूम समजा."

कानाचं मशीन लागलं. पहिल्या दिवशी घरात शिरल्यावर त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली, कुकरची शिट्टी दचकवून गेली. मग आतल्या खोलीतून नातीचं बडबडणं ऐकू आलं, ना शब्द ना अर्थ, नुसतं 'बबब'. मिस्त्री चपला काढायचे विसरून उंबऱ्यात उभे राहिले. बायको म्हणाली, "आत या की." त्यांनी हातानं तिला थांबवलं, आणखी थोडं ऐकू दे म्हणून. बायकोनं कपाळावर हात मारला, पण तिचे डोळे भरले होते. "एक वर्ष मी त्या टीव्हीवाल्याला शिव्या घालतेय," ती म्हणाली.

स्टोअरची खुर्ची रिकामीच राहिली. साहेबांनी मिस्त्रींकडे नवं काम दिलं. शहरातल्या सगळ्या नव्या लिफ्टचे लॉग आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे यायचे. मिस्त्रींचा प्रोग्रॅम एकेक फाईल उघडायचा, वाचायचा, संशयाच्या ओळी बाजूला काढायचा, आणि लिफ्ट अडकायच्या आधीच मिस्त्री कोणत्या मजल्यावर काय बघायचं ते बाकीच्या सहांना सांगायचे. आठ ओळींचा प्रोग्रॅम वाढत वाढत दोन पानांचा झाला. बोट मात्र एकच राहिलं.

दीड वर्षानं सून पुन्हा नोकरीला लागायला निघाली. मुलाखतीत तिला विचारलं, मधली दोन वर्षं काय केलं? तिनं हॉस्पिटलच्या लिफ्टची हकीकत सांगितली. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि तुमचे सासरे अजून एकाच बोटानं लिहितात?" नोकरी तिथंच पक्की झाली. पहिल्या दिवशी मिस्त्री तिला सोडायला गेले, फाटकाशी थांबले. बऱ्याच दिवसांपासून त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं, ते सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "डबा घेतलास ना?"

"घेतला, बाबा."

त्या दिवशी ऑफिसात बसून त्यांनी प्रोग्रॅमच्या अगदी वर एक ओळ घातली. अशी ओळ प्रोग्रॅम वाचत नाही, सोडून देतो. ती फक्त उघडून बघणाऱ्या माणसासाठी असते. ओळ अशी होती: 'हे काम मला माझ्या सुनेनं शिकवलं. तिनं माझी लाज राखली. तिचे उपकार आहेत.' कंपनीतल्या सहा जणांकडे त्या प्रोग्रॅमची प्रत आहे आणि सहाही जणांनी ती ओळ वाचली आहे. सुनेनं ती कधी वाचली ते मिस्त्रींना कळलं नाही. एकदा लॅपटॉप साफ करून देताना वाचली असावी, कारण त्या संध्याकाळी चहाबरोबर न मागता त्यांच्या आवडीची बिस्किटं आली.

मिस्त्री आता निवृत्त आहेत, तरी आठवड्यातून दोन दिवस घरूनच लॉग वाचतात. परवा असंच काम आवरून ते बायकोला म्हणाले, "अगं, अशी सून मिळायला भाग्य लागतं बघ."

बायको शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. "आता म्हणता भाग्य! पोरानं ठरवलं म्हणून सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात. 'कॉम्प्युटरची बटणं दाबणारी मुलगी आपल्या घरात काय करणार,' असं कोण म्हणालं होतं?"

"मी?"

"नाही, मी!" बायको म्हणाली.

मिस्त्रींनी कानातलं मशीन काढून रुमालानं पुसायला घेतलं. "काय म्हणालीस? ऐकू आलं नाही," ते म्हणाले, आणि बायकोनं हातातलं शेंगेचं टरफल त्यांच्या अंगावर फेकलं.